दिघीच्या धक्क्यावर तीन दिवस

आमच्या घरापासून दिघीचा धक्का तीनशे पावलांवर. मुंबईला निघाले त्या सकाळी ती तीनशे पावलं मी जवळजवळ पळतच गेले, आणि मग तीन दिवस त्याच धक्क्यावर बसून राहिले. म्हणून घर कधी सोडलंस असं कोणी विचारलं की माझा गोंधळ होतो. उंबरठा ओलांडला शनिवारी, खाडी ओलांडली सोमवारी. मधल्या दिवसांत जे घडलं ते दिघीत राहिलेल्या तुम्हा बायांना माहीत आहे, पण तुमच्या सुनांना माहीत नसेल. आणि माझ्यासारखे जे गाव सोडून गेले, त्यांना तर मुळीच नसेल. म्हणून लिहिते आहे.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. कोळीवाड्यातली सातवीची फायनल पास झालेली पहिली मुलगी मीच. मुरूडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात माझ्यासाठी शब्द टाकला होता आणि तिथून पत्र आलं होतं: नर्सिंगच्या शिक्षणासाठी सोमवारी सकाळी दहा वाजता हजर राहावे. ते पत्र मी इतक्या वेळा उघडलं होतं की घडीवर फाटायला आलं होतं.

माझी आय, हिराबाय, माझ्याबरोबरच निघाली. मला पोचवायला वगैरे नाही. ती रोजच निघायची. डोक्यावर मासळीची पाटी, खाडीपलीकडे आगरदांडा, तिथून चालत मुरूडचा बाजार. कोळीवाड्यातल्या वीस-बावीस बाया रोज असंच करत. खाडी ओलांडायला एकच लाँच होती आणि तिचा मक्ता एका शेटकडे होता. त्याच्याशिवाय कोणी धक्क्यावरून उतारू नेले तर गुन्हा. त्यामुळे घरात होड्या असूनही आम्हाला त्याच्याच लाँचचं तिकीट काढावं लागे.

आदल्या दिवशी शेटने धक्क्यावर पाटी ठोकली होती, लाकडाची, पांढऱ्या रंगातल्या अक्षरांची. आयने मला ती वाचून दाखवायला लावली होती. ‘मासळी घेऊन लाँचमध्ये चढण्यास सक्त मनाई आहे.’

याला कारण झाले अण्णा. अण्णा म्हणजे गावातल्या खोतांच्या घरातले, कोर्टकचेऱ्यांसाठी सारखे पलीकडे जाणारे. कोणाच्या तरी पाटीतलं पाणी त्यांच्या धोतरावर गळलं होतं. वासाचा त्रास होतो, अशी त्यांनी शेटकडे तक्रार केली. शेटला तेवढंच हवं होतं. मासळी त्याच्या मालाच्या होडीतून पाठवा, म्हणाला. मालाची होडी सुटायची दुपारी. दुपारच्या मासळीला मुरूडच्या बाजारात कुत्रंही विचारत नाही.

तर त्या शनिवारी मी ट्रंक घेऊन धक्क्यावर पोचले आणि पाहते तो काय, सगळ्या बाया पाट्या घेऊन लाँचमध्ये बसलेल्या. तिकिटं प्रत्येकीच्या हातात. भांडण नाही, आरडाओरडा नाही. शेट धक्क्यावर उभा राहून ओरडत होता, “उतरा खाली! माणसं सगळी खोळंबलीत!”

आय म्हणाली, “आमीबी माणसंच हाव, शेट. तिकीट काढलंय. सोडा लाँच.”

“पाट्या उतरवा, सोडतो.”

“पाट्या उतरणार न्हाय. आमी भांडाला न्हाय आलो. आमी बसाला आलो.”

आजच? वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहिली त्याच दिवशी? मी लाँचच्या कडेशी जाऊन दबक्या आवाजात म्हणाले, “आये, उद्या बस ना. मला सोमवारी हजर व्हायचंय.”

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “आज उतरलो तर उद्या कुनी बसू देल? तूच वाचलंस ना चुलीपाशी, मिठाचं?”

आणि मग मला उमगलं. मिठाच्या सत्याग्रहाचा धडा मी शाळेत असताना रोज मोठ्याने पाठ करायची, आणि आय समोर बसून बोंबील साफ करायची. मला वाटायचं तिचं लक्ष नाही. कायदा मोडायचा तर दिवसाउजेडी, लपून नाही. हात उचलायचा नाही. आणि शिक्षा झाली तर ती नाकारायची नाही. मी परीक्षेत हे लिहून मार्क मिळवले होते. तिने ते साठवून ठेवलं होतं.

शेटने इंजिन बंद करायला लावलं. लाँच चालवणारे तांडेल म्हणजे इब्राहिमचाचा. त्यांनी निमूटपणे इंजिन बंद केलं आणि लाँचच्या टोकाला जाऊन विडी पेटवली. दहा वाजले, बारा वाजले. इतर उतारू वैतागून घरी गेले. अण्णा पिशवी घेऊन धक्क्यावर येरझारा घालत होते. त्यांची सोमवारी मुरूडला तारीख होती.

आयने बायांना दोन नियम घातले होते. हात उचलायचा नाही, आणि शिवी द्यायची नाही. पहिला कोणालाच जड गेला नाही. दुसरा मात्र! कोळणीच्या तोंडाला कुलूप घालणं म्हणजे काय, हे ज्यांनी मासळीबाजार पाहिलाय त्यांनाच कळेल. शेट काहीबाही बोलत होता आणि आमची धाकलीबाय, जिच्या तोंडाला अख्खं बंदर घाबरायचं, ती पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिच्या. रागाचं की हसण्याचं, देव जाणे.

दुपारी खरा प्रश्न आला. मासळी! उन्हात पाट्यांतला माल नासायला लागणार होता. शेटही तेवढ्यासाठीच थांबला होता. दोन तासांनी वास सुटला की आपोआप घरी जातील, असं तो इब्राहिमचाचांना म्हणालाही.

आय उठली. मला वाटलं, संपलं. ती म्हणाली, “जनाबाय, घरून मीठ आन. कोयते आन. दोऱ्या आन.”

आणि मग जे झालं ते आठवून मला आजही बसल्या जागी उठून नाचावंसं वाटतं. निम्म्या बाया लाँचमध्ये बसून राहिल्या, निम्म्या धक्क्यावर उतरल्या. त्यांनी मासळी चिरली, मीठ भरलं. लाँच बांधायच्या खांबांना दोऱ्या ताणल्या आणि त्यांवर बोंबील टांगले. जवळा धक्क्याच्या दगडांवर पसरला. तासाभरात शेटचा अख्खा धक्का म्हणजे आमचं वाळवण झालं! पाय ठेवायला जागा नाही. शेट मधोमध उभा, एक पाय उचललेला, पुढे कुठे टाकावा ते कळेना. एकही शब्द वाईट नाही, एकाही वस्तूला धक्का नाही. बाया आपलं रोजचं काम करत होत्या, एवढंच.

संध्याकाळी होड्या परतल्या. माझा बा धक्क्याला लागला आणि बघतच राहिला. आयला म्हणाला, “ह्ये काय मांडलंस? लोक काय म्हणतील?”

आय म्हणाली, “लोकांचं ऱ्हाऊ दे. पोरांना भात कोन घालील ते बघ.”

त्या तीन दिवसांत दिघीच्या कोळीवाड्यात बापयांनी चुली पेटवल्या. कच्चा भात, करपलेली आमटी, सगळं टोपल्यांतून धक्क्यावर यायचं. बाया पाळीपाळीने घरी जाऊन पोरांना बघून यायच्या, पण लाँचमधली जागा रिकामी ठेवायच्या नाहीत. माझ्याकडे काम आलं लिहिण्याचं. मी ट्रंकेवर वही ठेवून मामलेदारांना अर्ज लिहिला. सजवून लिहायला गेले तर आय म्हणाली, “लांबड नको. इतकंच ईचार, मक्त्याच्या कागदात पाटीचं लिवलंय का? लिवलं असंल तर दाखवा.” तेवढंच लिहिलं. खाली बावीस अंगठे उमटले. इब्राहिमचाचांच्या भाच्याने आपल्या मासे मारायच्या होडीतून जाऊन तो अर्ज मुरूडला पोचता केला.

रविवारी सकाळी शेट माझ्याकडे आला. अगदी गोड आवाजात म्हणाला, “पोरी, तू शिकलेली. तुझ्याकडे मासळी नाही, काही नाही. तुला का अडकवून ठेवायचं? माझी छोटी होडी आहे, चल, पलीकडे सोडतो. उद्या सकाळी मुंबईत असशील.”

खरंच असते. ती शेवटची संधी होती. मी आयकडे पाहिलं. ती म्हणाली, “जा.” मनापासून म्हणाली. तिला मी जायलाच हवी होते. मी ट्रंक उचलली आणि होडीत जाऊन बसले. हो, बसले. हे मी लपवणार नाही. त्या क्षणी मला फक्त ते दहा वाजलेले दिसत होते.

होडी सुटणार एवढ्यात शेट वळून बायांना मोठ्याने म्हणाला, “बघा! तुमच्यातली एक शहाणी निघाली. तिलापण तुमचा वास नको झालाय.”

धाकलीबायने तोंडातला बोळा काढला आणि पुन्हा कोंबला. मी आयच्या तोंडाकडे पाहिलं नाही, मला धीरच झाला नाही. पण तिच्या हातातली सुरी थांबलेली दिसली.

मी होडीतून उतरले. खरं सांगते, लहानपणापासून मी कधी डोक्यावर पाटी घेतली नव्हती. आय घेऊच द्यायची नाही; तू शिक, म्हणायची. आणि मलाही ते बरं वाटायचं. मी सरळ गेले, आयची पाटी उचलली, डोक्यावर ठेवली. मानेला जोराचा हिसका बसला. मिठाचं पाणी कपाळावरून, नाकावरून, नव्या कोऱ्या पातळावर ओघळलं. मी शेटसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “आता माझ्याकडेपण पाटी आहे. न्या मला पलीकडे.”

बाया एकदम हसल्या! दोन दिवसांचं कोंडलेलं सगळं बाहेर आलं. धाकलीबाय तर लोळायची बाकी राहिली. इब्राहिमचाचांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलताना सगळ्यांनी पाहिले. आय मात्र हसली नाही. जवळ आली, पाटी माझ्या डोक्यावर नीट बसवली आणि हळू आवाजात म्हणाली, “मान ताठ ठेव. न्हायतर मोडंल.”

सोमवारी सकाळी, ज्या वेळी मी मुंबईत हॉस्पिटलच्या मेट्रनपुढे उभी असायला हवी होते त्याच वेळी, मुरूडहून फौजदार शेटच्या छोट्या होडीतून आले. शेटचं ऑफिस आगरदांड्याला असल्यामुळे त्याने तक्रार तिकडे केली होती. बरोबर एक हवालदार. फौजदार तरुण होते, सभ्य होते. धक्क्यावर बोंबलांच्या रांगांखालून वाकून वाकून आले आणि म्हणाले, “बायांनो, वाट अडवल्याची तक्रार आहे. उठला नाहीत तर अटक करावी लागेल.”

आय म्हणाली, “करा की.”

सगळ्या बाया एकदम उभ्या राहिल्या. फौजदार गडबडले. “सगळ्या?”

“सगळ्या. आन् माल? माल टाकून आमी येनार न्हाय. माल पन जप्त करा.”

हवालदार नावं लिहायला बसला. मी त्याला एकेक नाव सांगत होते. बाविसावं झालं तेव्हा म्हणाले, “अजून एक लिहा. चंद्रा.” आय पुढे धावली. “तिचं नको सायेब, तिला नोकरी लागलीय.” पण हवालदाराने लिहून टाकलं होतं. मी तेवढं वाकून बघितलं. माझं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदाच उमटलं, ते असं.

आता गंमत ऐका. अटक झाली, पण चौकी कुठे? मुरूडला. म्हणजे खाडीपलीकडे. आणि एवढ्या बाया, एवढा माल पलीकडे न्यायला काय? शेटची लाँच! फौजदारांनी हुकूम दिला, “लाँच काढा. कैदी आणि जप्त माल पलीकडे न्यायचा आहे.” शेटचा चेहरा मी काय वर्णन करू! इब्राहिमचाचांनी इंजिन असं काही जोरात सुरू केलं की धक्क्यावरचे कावळे उडाले. तेवीस बाया आणि बावीस पाट्या, सरकारी बंदोबस्तात, शेटच्या लाँचमधून खाडी पार निघाल्या. अण्णांना कोर्टाची तारीख चुकवायची नव्हती, तेही चढले. त्यांना जागा मिळाली जनाबाय आणि सुक्या जवळ्याची पाटी यांच्या मधोमध. पलीकडे उतरेपर्यंत ते अगदी धडधाकट होते.

आगरदांड्याहून मुरूडपर्यंत आमची वरात चालत निघाली. पुढे फौजदार, मागे पाट्या, आणि सगळ्यात शेवटी हवालदार माझी ट्रंक डोक्यावर घेऊन. बाजारातून जाताना रोजची गिऱ्हाइकं विचारायची, “हिराबाय, बोंबील कसे दिले?” आणि आय ताठ मानेने सांगायची, “आज इकाचे न्हाय. आज आमी कैदी हाव.”

कचेरीत मामलेदारांनी माझा अर्ज समोर ठेवला होता. त्यांनी शेटकडून मक्त्याचा कागद मागवला, चष्मा लावून दोनदा वाचला. मासळीच्या पाटीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. उलट, तिकीट काढील त्या प्रत्येक उतारूला न्यावं, असं लिहिलं होतं. मनाईची पाटी काढा, त्यांनी सांगितलं. मग बायांना म्हणाले, “पण पाणी गळतं, ही तक्रार खरी आहे ना?”

आय म्हणाली, “खरी हाय. आमी पाट्यांखाली ताडपत्री टाकू. पाट्या मागं ठेवू. पन आमी बाकावर बसनार.”

तसंच ठरलं. गुन्हा नोंदवला गेला नाही. बाहेर आल्यावर कोणी घोषणा दिल्या नाहीत. धाकलीबायने मात्र कचेरीच्या पायरीवर बसून तीन दिवसांच्या साठलेल्या सगळ्या शिव्या एका दमात, वाऱ्याला उद्देशून, दिल्या. फौजदार खिडकीत उभे राहून ऐकत होते.

आय मला अलिबागच्या गाडीत बसवायला आली. गाडी सुटताना तिने एवढंच सांगितलं, “उशीर का झाला ईचारलं तर खोटं बोलू नको.”

मी खोटं बोलले नाही. रेवस, तिथून भाऊचा धक्का, आणि बुधवारी सकाळी मेट्रनच्या टेबलापुढे. माझी जागा दुसऱ्या मुलीला दिली गेली होती. मी सगळं खरं सांगितलं, अटकेसकट. मेट्रन करड्या केसांच्या, कडक इस्त्रीच्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तीन दिवस एका जागी बसून राहिलीस?” मी हो म्हटलं. “चिडली नाहीस?” मी म्हटलं, चिडले, पण बसले. त्या म्हणाल्या, “वॉर्डात नेमकं तेच लागतं. पुढची बॅच सहा महिन्यांनी. तोपर्यंत आया म्हणून राहा.”

सहा महिने मी बेडपॅन धुतले. रडले, हे कबूल करते. हॉस्टेलच्या खोलीत रॉकेल, फिनेल आणि ओल्या युनिफॉर्मचा वास. कुठेच खाडी नाही. कधी कधी वाटायचं, त्या होडीत बसून राहिले असते तर आज पांढऱ्या टोपीत असते. मग कपाळावरून ओघळलेलं ते खारं पाणी आठवायचं आणि मी फरशी आणखी जोराने घासायची.

बॅच मिळाली. डायनिंग हॉलमध्ये लांब टेबलं होती आणि कोपऱ्यात एक लहान टेबल. त्या लहान टेबलावर शेवंता एकटी जेवायची. महाडकडची मुलगी, अभ्यासात आम्हा सगळ्यांच्या पुढे. तिचं ताट, तिचा ग्लास वेगळा होता. कोणी हुकूम काढला होता असं नाही. स्वयंपाकी तसं वाढायचा, आणि आम्ही बघायचो. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी माझं ताट उचललं आणि तिच्यासमोर जाऊन बसले. तिने वर पाहिलं आणि विचारलं, “कशाला?” मी म्हटलं, “बसायला.” स्वयंपाक्याने मला वाढलं नाही. मी बसून राहिले. त्या दुपारी आम्ही दोघींनी तिच्याच ताटातला भात खाल्ला. आठवडाभरात त्या लहान टेबलाभोवती इतक्या खुर्च्या झाल्या की मेट्रननी ते टेबलच उचलायला लावलं. शेवंता आज माझ्याच हॉस्पिटलात सिस्टर आहे, आणि अजूनही मला विचारते, “कशाला गं आली होतीस?”

त्यानंतर मुंबईने मला खूप काही दाखवलं. मराठी राज्यासाठी रस्ते भरून चाललेली माणसं पाहिली. त्यांच्या जखमा आमच्या कॅज्युअल्टीत बांधल्या. आमच्याच हॉस्पिटलातल्या आया आणि वॉर्डबॉय एकदा गणवेशाच्या मागणीसाठी फाटके कपडे घालून चार दिवस कामावर आले. एकाही पेशंटचं औषध चुकलं नाही, आणि पाचव्या दिवशी कापड आलं. दरवेळी मला धक्क्यावरचं आमचं वाळवण आठवतं. लोक म्हणतात, शांतपणे बसून काय होतं? मी म्हणते, तुम्ही कधी दिघीला आला नाहीत.

लग्न झालं. हे पोस्टात आहेत, मूळचे थळचे. आम्हाला हॉस्पिटलजवळ एक खोली मिळाली, दहा बाय बारा, मोरी आत. गेल्या वर्षी आय पहिल्यांदा मुंबईला आली. मी तिला राणीच्या बागेत नेलं, दोनमजली बसमधून फिरवलं. तिला कशाचंच विशेष वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती खोलीत भिंतीला टेकून बसली होती आणि मी ड्यूटीला निघायच्या तयारीत होते. तिने अचानक विचारलं, “चंद्रे, हितं तुला कुनी ऊठ म्हनत न्हाय ना?”

मी हातातली टोपी खाली ठेवली. नीट विचार केला. मग म्हटलं, “म्हणतात कधी कधी.”

“मंग?”

“मी उठत नाही.”

ती समाधानाने हसली. पाय लांब केले, पदर उशाला घेतला. “मंग झालं,” म्हणाली. “मंग ह्येच घर तुझं.” आणि भर दुपारी, खालच्या रस्त्यावर ट्रामचा खडखडाट चालू असताना, माझी आय परक्या शहरातल्या त्या फरशीवर गाढ झोपून गेली.